कापणीचा हक्क

जावा बेटावरच्या भातशेतीच्या गावात एखादी जमीन कोणाची, असे विचारले तर एक नाव सांगितले जाते. त्याच खाचरात उभे असलेले भात कोणाचे, हे पन्नास-साठ वर्षांपूर्वी विचारले असते तर एका नावावर भागले नसते. मालकाचे तर होतेच. शिवाय अर्धेलीने कसणाऱ्याचे, आवण लावणाऱ्या बायांचे, कापायला येणाऱ्या शेजारणींचेही होते. डच राजवटीपासून आजपर्यंतचे कायदे पहिल्या प्रश्नाभोवती फिरत राहिले. गावातल्या भूमिहीनांच्या चुली मात्र दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर पेटत होत्या.

आधी मालमत्ता म्हणजे काय काय, ते पाहू. गावकऱ्याची जमीन ढोबळमानाने दोन तऱ्हांची: पाण्याखालचे खाचर, म्हणजे 'सावाह', आणि घराभोवतीचे परसू, 'पकारांगान'. परसात नारळ, केळी, फणस, कसावा, चार कोंबड्या. रोजचे तोंडीलावणे आणि अडीनडीचा पैसा इथून निघतो. घर मात्र जमिनीचा भाग मानलेले नाही. रूढीच्या कायद्यात, म्हणजे 'आदात'मध्ये, जमीन एकाची, तिच्यावरचे घर दुसऱ्याचे आणि कुंपणाकडेचा नारळ तिसऱ्याचा असू शकतो. जुनी सागवानी 'जोग्लो' घरे सांधे घालून उभारलेली असतात. खांब-तुळया सुट्या करायच्या, विकायच्या आणि दुसऱ्या गावी नेऊन पुन्हा उभ्या करायच्या. स्थावर आणि जंगम हा आपण पाठ केलेला भेद इथे डळमळतो.

वारशाचा नियम एका प्रतिमेत सांगतात: मुलाला 'सापिकुल', मुलीला 'सागेंदोंग'. पिकुल म्हणजे खांद्यावरची कावड, तिला दोन बाजूंना दोन ओझी. गेंदोंग म्हणजे कापडात बांधून अंगाशी घेतलेले एकच ओझे. दोनास एक. इस्लामी वारसाहक्काशी हे प्रमाण जुळते, पण अनेक कुटुंबांत भावंडे सारखेच वाटे घेतात, आणि आईबापांना शेवटपर्यंत सांभाळणाऱ्याला घर मिळते. लग्नानंतर दोघांनी कमावलेले ते 'गोनो-गिनी', आधीपासून ज्याचे त्याने आणलेले ते 'गावान'. काडीमोड झाला तर गावान ज्याचे त्याला परत, गोनो-गिनीचे वाटे. बाईच्या हाती जमीन असणे म्हणूनच नवलाचे नाही. या वाटण्यांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालला की काय होते, तेही उघड आहे. अर्धा हेक्टर, म्हणजे सुमारे पन्नास गुंठ्यांहून कमी जमीन असलेल्याला 'गुरेम' शेतकरी म्हणतात. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरची बारीक ऊ. २०१३च्या कृषिगणनेत इंडोनेशियातली निम्म्याहून अधिक शेतकरी कुटुंबे या उवांत मोडत होती.

एका जमिनीची मात्र वाटणी होत नाही. गावचा मुख्य 'लुराह', चिटणीस 'चारिक' आणि इतर कामगारांना पगाराऐवजी मिळणारी 'बेंगकोक' ही जमीन पद असेपर्यंतच कसायची. मराठी वाचकाला वतन आठवेल, पण फरक मुळातला आहे: आपली पाटीलकी वंशपरंपरेची, लुराह निवडून येणारा. बेंगकोक बहुधा गावातल्या सर्वांत मोठ्या धारणांपैकी असते, आणि गावच्या निवडणुकीत चुरस का होते, हे त्यावरून कळावे. २०१४च्या ग्रामकायद्यानंतर या कामगारांना अंदाजपत्रकातून ठरावीक वेतन आले आणि बेंगकोक गावाच्या मत्तेत जमा झाली. पुढच्याच वर्षी नियम बदलला आणि तिचे उत्पन्न जादा भत्ता म्हणून पुन्हा त्यांच्या हाती जाऊ लागले. जुनी वहिवाट कायद्याने पुसली जात नाही, ती रकाना बदलते.

सरकारचा जमिनीशी संबंध थोडक्यात सांगता येईल. १८११ ते १८१६ या ब्रिटिश अमलात लेफ्टनंट-गव्हर्नर रॅफल्सने जमीनमहसूल आणला, तो हिंदुस्थानातल्या रयतवारीचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून. १८३०पासूनच्या डचांच्या सक्तीच्या लागवडीत गावाच्या पाचव्या हिश्श्याच्या जमिनीवर निर्यातीची पिके काढायची, असा दंडक होता. प्रत्यक्षात तो हिस्सा पुष्कळदा ओलांडला गेला. १८७०मध्ये ज्या जमिनीची मालकी सिद्ध होत नाही ती सरकारची, असे ठरले. स्वतंत्र इंडोनेशियाच्या १९६०च्या मूलभूत भूमिकायद्याने हे तत्त्व काढून टाकले आणि आदात हाच भूमिकायद्याचा पाया मानला. त्याच वर्षी दाट वस्तीच्या प्रदेशात भातखाचराची कमाल मर्यादा पाच हेक्टर ठरली. गहाण जमीन सात वर्षे सावकाराकडे राहिली असेल तर ती पैसे न घेता परत करावी, असेही कलम झाले; सात वर्षांच्या पिकात कर्ज फिटले, हा त्यामागचा साधा हिशेब. अंमलबजावणी रेंगाळली तेव्हा कम्युनिस्ट शेतकरी संघटनेने जमिनी परस्पर ताब्यात घ्यायला सुरुवात केली. १९६५-६६मध्ये कम्युनिस्ट ठरवून लाखो माणसे मारली गेली, आणि वाटलेल्या जमिनीही बऱ्याच ठिकाणी जुन्या मालकांकडे परतल्या. त्यानंतर कितीतरी वर्षे 'जमीनसुधारणा' हा शब्द उच्चारणेही धोक्याचे होते.

नोंदींची गत आपल्यासारखीच. गावच्या कचेरीत 'लेटर सी' नावाचे कराचे जुने बाड असते. ते सातबाऱ्याच्या जातीचे: मुळात महसुलासाठी, लोकांच्या मनात मालकीचा दाखला.

आता कापणी. 'आनी-आनी' हे हत्यार तळहातात मावते. लाकडाची लहान पट्टी, तिच्या कडेला पाते, आडवी बांबूची दांडी. दांडी मुठीत धरली की पाते बोटांमध्ये लपते. भाताची देवता 'देवी स्री' हिला लोखंड दिसून ती घाबरू नये, असा समज. बाई एकेक लोंबी बोटाने ओढून खालून छाटते. काम संथ, म्हणून एका खाचरात बाया खूप लागतात. आणि येईल तिला कापू द्यायचे, नाही म्हणायचे नाही, ही रीत होती. मजुरी म्हणजे कापलेल्यातला वाटा, 'बावोन'. आठ-दहा पेंढ्यांमागे एक, जवळच्या नात्यातली असेल तर जास्त. याला बलुते म्हणण्याचा मोह होतो, पण बलुते ठरलेल्या घराचे असते, बावोन हात चालवील तिचे. काही भागांत 'केदोकान'ची चाल होती: आवण आणि बेणणी फुकट करायची, त्या बदल्यात त्या खाचराची कापणी आपलीच. म्हणजे मजुरीने विकत घेतलेला हक्कच. तो कुठल्याही बाडात नाही.

१९६०च्या दशकाच्या अखेरीस बुटक्या, भरघोस भाताच्या जाती आल्या. ताटे आखूड, दाणा चटकन झडणारा. आनी-आनीपेक्षा विळा सोयीचा. त्यातच 'तेबासान' फोफावले: कापणीच्या काही दिवस आधी उभे पीक व्यापाऱ्याला उक्ते विकायचे. व्यापारी बाहेरगावचा, त्याच्या टोळीत पुरुष, हातात विळे, सोबत वजनकाटा. मालकाला शेजारणीला नाही म्हणावे लागत नाही. पीक आता त्याचे नाहीच. उखळ-मुसळावर भात सडून चार पैसे मिळवणाऱ्या बायांचे काम याच काळात लहान गिरण्यांनी नेले.

मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झने १९६३मध्ये जावाच्या खेड्याला 'वाटून घेतलेले दारिद्र्य' म्हटले. बेंजामिन व्हाइटसारख्या अभ्यासकांनी पुढे दाखवले की गावात आधीपासून मोठे-लहान होतेच. मला व्हाइटची बाजू पटते, पण गीर्ट्झने पाहिलेली वाटणीही खोटी नव्हती. ती औदार्य नव्हते, हक्क होता. आणि गाव समजूतदार होते म्हणून नव्हे, तर हत्यार संथ होते म्हणून तो टिकला होता. हत्यार बदलताच मालकाला पळवाट सापडली, ती एकाही कलमाला हात न लावता.

२०१७पासून सरकारने गावोगाव जमिनीची प्रमाणपत्रे वाटण्याचा सपाटा लावला आहे. प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला तो कागद दाखवून बँकेतून कर्ज काढता येते. ज्यांच्याकडे खाचरच नाही, त्यांच्याकडे एक जुना हक्क उरला आहे, 'ङासाक'. कापणी झालेल्या शेतात शिरून सरवा वेचणे. विळ्याची टोळी किंवा मळणीयंत्र पुढे सरकले की म्हाताऱ्या बाया मागून येतात, झोडलेला पेंढा पुन्हा झटकतात, खाली पसरलेल्या फडक्यावर दाणे गोळा करतात. मालक बांधावर उभा असतो, पण त्यांना हटकत नाही.