करडई

करडई : (शा. नाव कार्थॅमस टिंक्टोरियस, सं. कुसुंभ, हिं. कुसुम, क. कुसुबे, कुल ॲस्टरेसी). मोहरीची पिवळी शेते उत्तरेकडची. सोलापूरच्या काळ्या रानात रब्बीच्या तेलबियांत मान करडईचा. सूर्यफुलाच्या कुळातली ही काटेरी वर्षायू वनस्पती सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पेरतात आणि बहुधा जमिनीत मुरलेल्या ओलीवरच ती वाढते.

उगवल्यावर महिनाभर खोड वर येतच नाही. पाने जमिनीला चिकटून चक्राकार पसरतात. रोप खुंटल्यासारखे दिसते, पण तेवढ्यात सोटमूळ खाली धावत असते. भारी जमिनीत ते दोन-तीन मीटर उतरते. विरळणीत उपटलेली कोवळी रोपे भाजीला जातात. पुढे खोडाला फांद्या फुटतात, पानांच्या कडा काटेरी होतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला बोंड धरते. ज्वारीच्या कडेने करडईचे तास टाकले, की जनावर आत शिरायला धजत नाही.

ज्याला आपण फूल म्हणतो तो खरे तर स्तबक, म्हणजे अनेक फुलांचा झुबका. काटेरी छदांच्या घट्ट वाटीत सुमारे 20 ते 180 नळीदार पुष्पके दाटीने बसतात. एक पुष्पक चिमटीत ओढून पाहावे : खाली बारीक नळी, वर पाच अरुंद पाकळ्या, मध्ये पाच परागकोश जुळून झालेली नळी. तिच्यातून कुक्षिवृंत वर सरकताना पराग अंगावर घेऊनच बाहेर पडतो. त्यामुळे स्वपरागण सहज होते. मधमाश्यांनी परपरागणही घडते. उमलताना पिवळी असलेली पुष्पके बहुतेक वाणांत सुकताना केशरी-लाल होतात. त्यांतल्या कार्थॅमिन या लाल रंगद्रव्यासाठी कापड रंगवायला ती पूर्वापार वापरात होती.

फळ म्हणजेच आपले ‘बी’ : पांढरे, चौकोनी, टणक सालीचे. त्यात साधारण 30 टक्के तेल असते आणि त्या तेलात लिनोलेइक आम्ल सर्वांत जास्त.

सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन 1933 पासून चालू आहे. ‘भीमा’ हा गाजलेला वाण इथलाच. त्याला नाव दिले ते जिल्ह्यातून वाहणाऱ्या नदीचे, आणि ते शोभून दिसते.

काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, भल्या पहाटे. दवाने काटे मऊ असतात तोवरच हाताला फडके गुंडाळून झाडे कापायची. ऊन चढले की रान हात लावू देत नाही.