सामाईक गल्ला

प्रवासाच्या स्मार्ट कार्डाचा इतिहास सहसा चिपचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हाँगकाँगचे ‘ऑक्टोपस’ कार्ड अभ्यासताना मला तो हिशेबाच्या वहीचा इतिहास वाटू लागला.

हाँगकाँगची भुयारी रेल्वे १९७९ साली सुरू झाली. १९८४पासून तिचे चुंबकीय पट्टीचे तिकीट कौलून-कँटन रेल्वेवरही चालू लागले. बसमध्ये मात्र चालकाजवळच्या पेटीत नेमके सुटे पैसे टाकावे लागत. मोड परत मिळत नसे. रेल्वे, बस आणि फेरीबोटी यांच्यात उतारूंसाठी चढाओढ होती. अशा स्पर्धकांनी पैशाच्या बाबतीत एकमेकांवर विसंबायचे कसे, हा खरा पेच होता.

१९९४ साली दोन्ही रेल्वे, कौलून मोटर बस, सिटीबस आणि यौमाती फेरी या पाच संस्थांनी ‘क्रिएटिव्ह स्टार’ ही संयुक्त कंपनी काढली. प्रवाशाचा पैसा एका गल्ल्यात जमा करायचा आणि प्रत्येक प्रवासाची नोंद पाहून ज्याचे भाडे त्याला पोचते करायचे. वाटे कमीजास्त होते. पण गल्ला परक्याच्या हाती गेला नाही.

१ सप्टेंबर १९९७ रोजी कार्ड सुरू झाले. पहिल्या तीन महिन्यांतच सुमारे ३० लाख कार्डे लोकांच्या हाती गेली. सोनीच्या ‘फेलिका’ तंत्रात शिल्लक कार्डातच साठवलेली असे. त्यामुळे भाडे घेताना बसमधल्या यंत्राला मध्यवर्ती संगणकाला विचारावे लागत नसे. मला सर्वांत शहाणी वाटते ती एक छोटी तरतूद: शिल्लक भाड्याला पुरली नाही, तरी कार्ड एक प्रवास उधारीवर करू देई. ५० हाँगकाँग डॉलरची अनामत त्या उधारीला तारण असे. विश्वास होता, पण हिशेबी.

मुंबईत १९ जानेवारी २०२३ रोजी ‘मुंबई १’ कार्डाचे उद्घाटन झाले. पण इथे लोकल रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत, बेस्ट महापालिकेची आणि मेट्रोच्या कंपन्या निराळ्या. कार्ड काढणे त्यामानाने सोपे. सामाईक गल्ल्यात कोणाचा किती वाटा आणि त्याची किल्ली कोणाकडे, हे आधी ठरावे लागते. हाँगकाँगने कार्ड येण्यापूर्वी तीन वर्षे कंपनी काढली, त्या क्रमातच मला तिच्या यशाचे मर्म दिसते.