परिचारिकेची पदवी : ससूनपासून तारनाक्यापर्यंत

तारनाक्याच्या मराठी घरांत 'विद्यापीठ' म्हटले की उस्मानियाच डोळ्यांपुढे येते. ते साहजिक आहे. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा, नंतर राज्याचा भाग होता. औरंगाबादला 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत तिकडच्या मुलांची पदवीची वाट बहुधा इकडूनच जाई. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा असेच येथे आले आणि येथलेच झाले. म्हणून घरातली बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी एम.एस्सी. करायचे म्हणते, तेव्हा वडीलधारी आधी विचारतात, "उस्मानियातूनच ना?" आता तसे नाही. तेलंगणातली बहुतेक नर्सिंग महाविद्यालये वरंगळच्या काळोजी नारायणराव आरोग्य विद्यापीठाशी संलग्न आहेत, तर महाराष्ट्रातली नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी.

पण विद्यापीठ कोणते, याआधी आपल्या घरांत आणखी एक प्रश्न असतो, आणि तो उघड विचारला जात नाही : नर्सिंगच का? या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

1897 च्या प्लेगमध्ये रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. त्या सेवेपुढे सगळ्यांनी हात जोडले; पण आपली लेक त्या कामाला पाठवणे वेगळे. परक्या पुरुषाला स्पर्श, रात्रपाळी, जातीचा विटाळ, सगळेच आड येई. न्यायमूर्ती रानड्यांच्या मागे रमाबाईंनी पुण्याचे सेवासदन उभे केले आणि 1911 च्या सुमारास तेथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. त्यांत विधवा पुष्कळ होत्या. रमाबाईंनी नुसता उपदेश केला नाही. शिकायला खरे रुग्णालय आणि पाठीशी विश्वासाची संस्था, एवढे त्यांनी दिले, तेव्हा घरांची दारे उघडली. सेवेला त्यांनी शिक्षण केले.

त्या शिक्षणाला विद्यापीठाची मान्यता मिळायला आणखी 35 वर्षे लागली. 1946 च्या भोर समितीच्या अहवालात देशात 43,000 लोकांमागे एक परिचारिका, असा हिशेब आहे. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे नर्सिंगचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. 1947 मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला, 1959 मध्ये दिल्लीत पदव्युत्तर पदवी सुरू झाली आणि 1964 मध्ये मुंबईत एस.एन.डी.टी.चे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय निघाले. अण्णासाहेब कर्व्यांच्या विद्यापीठातही नर्सिंगच्या महाविद्यालयाला जवळजवळ अर्धशतक थांबावे लागले!

आज एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षांचे आहे. प्रवेशासाठी परिषदेकडे नोंदणी, पदवीला किमान 55 टक्के आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव लागतो. शाखाही निवडावी लागते : शल्य-वैद्यकीय, बालरोग, प्रसूती व स्त्रीरोग, मानसिक आरोग्य किंवा सामुदायिक आरोग्य. पुढे शिकवायचे, वॉर्ड सांभाळायचा की वस्तीत काम करायचे, हे मुलीने आधी ठरवले, तर शाखा आपोआप सुचते.

महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा रमाबाईंची कसोटी लावा. स्वतःचे रुग्णालय आहे का, की मुलींना बसने कुठेतरी न्यावे लागते? त्या शाखेचे रुग्ण तेथे खरोखर असतात का? शिकवणाऱ्यांनी स्वतः त्या शाखेत पदव्युत्तर पदवी घेतली आहे का? वसतिगृह कसे आहे, आणि रात्रपाळीनंतर मुलगी तेथवर कशी पोहोचते? परिषदेची मान्यता त्या शाखेला आणि या वर्षाला आहे का, हे कागदावर पाहा. इमारतीची रंगरंगोटी पाहून भुलू नका. नोकरी महाराष्ट्रात करायची असेल, तर तेथल्या राज्य परिषदेकडे नोंदणी कशी हलवायची, हेही आधीच विचारून ठेवा.

मुलाला अभियांत्रिकीला घालताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, चार ओळखीच्यांना फोन लावतो. मुलगी नर्सिंग म्हणाली की "तुझे तू बघ" म्हणून मोकळे होतो. आजारपणात दवाखान्यात आपण तिच्याच व्यवसायातल्या बाईला आदराने 'सिस्टर' म्हणतो. तो आदर घरातल्या मुलीच्या वाट्याला आधी यायला हवा. यंदा गणपतीच्या दर्शनाला घरी येणाऱ्यांत अशी एखादी मुलगी असेल, तर तिला कोणती शाखा घेणार, एवढे तरी अवश्य विचारावे.