भोपळ्याचे स्कोन आणि एक अनाथ लेखिका

शरद ऋतू आला की अमेरिकेत घरोघरी लाल भोपळ्याचे मसालेदार स्कोन भाजले जातात. भोपळ्याचा शिजवून घोटलेला गर, मैदा, लोणी, साखर आणि दालचिनी, जायफळ, सुंठ, लवंग यांची पूड एवढेच त्याचे साहित्य. घारगे खाणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मेळ परका वाटू नये; आपला लाल भोपळाही मूळचा अमेरिकेचाच. या पदार्थाचा मागोवा घेताना आम्हाला एक धर्मगुरू भेटले आणि एक अनाथ स्त्री भेटली.

धर्मगुरू म्हणजे गॅव्हिन डग्लस. पुढे ते स्कॉटलंडमधील डन्केल्ड धर्मप्रांताचे बिशप झाले. व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या लॅटिन महाकाव्याचे स्कॉट्स भाषांतर त्यांनी १५१३ साली पूर्ण केले. भुकेले ट्रोजन फळांखाली मांडलेल्या गव्हाच्या पातळ पोळ्याही खाऊन टाकतात, असा प्रसंग त्याच्या सातव्या सर्गात आहे. तेथे डग्लस यांनी ‘स्कोन’ हा शब्द योजला. त्याचा आजवर आढळलेला हा सर्वांत जुना लिखित उल्लेख होय. स्कॉटलंडचा तो जुना स्कोन मात्र फुगीर नव्हे. ओट किंवा जवाच्या पिठाची, तव्यावर भाजलेली ती चपटी भाकरीच म्हणायची.

ती फुगली राखेमुळे! लाकडाच्या राखेचे पाणी आटवून उरलेला क्षार भाजला की पर्लअ‍ॅश तयार होतो. आंबट दूध किंवा काकवी यांच्याशी त्याची गाठ पडताच वायूचे बुडबुडे उठतात आणि खमिरासाठी ताटकळावे लागत नाही. अमेरिकेच्या संघराज्याने १७९० साली दिलेले पहिलेच पेटंट या क्षाराच्या कृतीसाठी होते. पुढे १८४३ मध्ये, पत्नीला खमीर सोसत नाही म्हणून, बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर बनवली.

१७९६ साली हार्टफर्ड येथे ‘अमेरिकन कुकरी’ हे छोटेखानी पुस्तक निघाले. मुखपृष्ठावर लेखिका अमेलिया सिमन्स हिने स्वतःची ओळख ‘एक अमेरिकन अनाथ’ अशी करून दिली आहे. आईबाप गमावल्याने परक्या घरी चाकरी करावी लागणाऱ्या मुलींसाठी आपण लिहीत आहोत, असे ती प्रस्तावनेत सांगते. पर्लअ‍ॅश घातलेल्या खाऊच्या कृती या पुस्तकात आहेत. जायपत्री, जायफळ आणि आले घातलेला भोपळाही आहे. हे दोन्ही एका पात्रात यायला मात्र अवकाश होता.

आम्ही घरी प्रथम स्कोन केले तेव्हा गर पाणचट निघाला. त्यात मैदा ओतत गेलो आणि दगड भाजून काढले! दुसऱ्या खेपेस गर श्रीखंडाच्या चक्क्यासारखा फडक्यात टांगला, थंड लोणी पिठात हलकेच चोळले, न मळता गोळा थापला, तेव्हा कुठे जमले. आमच्या हाती आलेल्या कृतीत गर निथळण्याची सूचनाच नव्हती.

अमेलियाची तक्रार अशीच, पण फार मोठी. आपल्याला पुरेसे शिक्षण नाही म्हणून तिने पैसे देऊन हस्तलिखित एका व्यक्तीकडे तयार करायला सोपवले होते. त्या व्यक्तीने आवश्यक भाग गाळले आणि तिला न विचारता मांस-मासळीच्या निवडीवरची सतरा पाने घुसडली. हे तिने निवेदन छापून जाहीर केले. पाककृतीखेरीज जिच्याजवळ दुसरी पुंजी नव्हती, तिने त्या पुंजीवरचा आपला हक्क असा छापून मागितला. भोपळा शिजवून गाळून घ्यावा, ही सूचना मात्र तिच्या पुस्तकात जागच्या जागी आहे.