पायाखालचे जंगल : लुआंग्वा खोऱ्यातील वॉकिंग सफारी

'सफारी' म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहते ती उघडी जीप आणि तिच्यातून रोखलेले कॅमेरे. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र साधा आहे. स्वाहिली भाषेत 'सफारी' म्हणजे प्रवास. तो शब्द अरबीतून आला असून मराठीतील 'सफर'ही त्याच कुळातली. मोटारी येण्यापूर्वी आफ्रिकेच्या अंतर्भागातील असा प्रवास बहुतांशी पायीच होत असे. तो जुना अर्थ पुन्हा जिवंत झाला तो झांबियाच्या पूर्व भागातील लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात. मार्गदर्शकासह करावयाच्या 'वॉकिंग सफारी'चे हे माहेरघर मानले जाते.

लुआंग्वा ही झांबेझीची उपनदी. तिच्या मुख्य प्रवाहावर मोठे धरण नसल्याने पावसाळ्यात ती मनसोक्त पसरते, काठ खाते, पात्र बदलते. सोडून दिलेल्या वळणांवर नालाकृती सरोवरे तयार होतात आणि कोरड्या ऋतूत हत्ती, आफ्रिकी रानम्हशी, पाणघोडे व मगरी या पाण्याभोवती एकवटतात. थॉर्निक्रॉफ्ट जिराफ हा तर केवळ याच खोऱ्यात आढळतो. सुमारे ९,०५० चौरस किलोमीटरच्या दक्षिण लुआंग्वा परिसराला १९७२ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

बंदुकीकडून पावलांकडे

या प्रकाराचे श्रेय नॉर्मन कार (१९१२-१९९७) यांना दिले जाते. देश ब्रिटिशांच्या ताब्यात असताना आणि सफारी म्हणजे शिकार असे समीकरण असताना, १९५० मध्ये त्यांनी न्सेफू या स्थानिक प्रमुखाला जमातीच्या जमिनीचा काही भाग वन्यजीवांसाठी राखून ठेवण्यास राजी केले. तेथे पर्यटकांसाठी छावणी उभारली गेली आणि तिचे उत्पन्न जमातीला मिळू लागले. मेलेल्या प्राण्यापेक्षा जिवंत प्राणी गावाला अधिक मोलाचा वाटला, तरच तो टिकेल, हा त्यामागील विचार होता. पुढे याच खोऱ्यात त्यांनी पायी सफारीचा पाया घातला.

वाचण्याची कला

चालण्यास सुरुवात होते ती उजाडताच. सर्वांत पुढे वन्यजीव विभागाचा सशस्त्र स्काउट, त्याच्यामागे परवानाधारक मार्गदर्शक आणि मग एका ओळीत मोजकेच पर्यटक, अशी रचना असते. तीन-चार तासांत अंतर फारसे कापले जात नाही. कारण येथे पाहण्यापेक्षा वाचण्याला महत्त्व आहे. हत्तीच्या पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दुप्पट केला की त्याच्या खांद्यापर्यंतची उंची अंदाजे कळते. पांढरी पडलेली विष्ठा तरसाची, कारण त्याने चावलेल्या हाडांतील कॅल्शियम तीत उतरते. पुकू या कुरंगाची शिटी बिबट्याची चाहूल देते. वाळूत नरसाळ्यासारखा खड्डा करून मुंगीची वाट पाहणारी अळी जीपमधून कधीच दिसत नाही. पायी चालणारा मात्र तिच्यापाशी थबकतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नदीच्या उभ्या काठांत बिळे करून किरमिजी वेडे राघू मोठ्या संख्येने घरटी करतात.

शिस्त हेच संरक्षण

वाहनाला सरावलेले प्राणी जीपकडे सहसा दुर्लक्ष करतात. माणसाची उभी आकृती मात्र त्यांना धोक्याची वाटते. म्हणून मूठभर माती हवेत सोडून वाऱ्याची दिशा पाहिली जाते आणि आपला गंध प्राण्याकडे जाणार नाही अशी वाट निवडली जाते. पाणघोडा आणि पाणी यांच्यामध्ये कधीही उभे राहायचे नाही. एकट्या रानरेड्यापासून दूर राहायचे. सिंह समोर आला तर धावायचे नाही. जागीच थांबून मार्गदर्शकाच्या खुणेप्रमाणे सावकाश मागे सरायचे. रायफल हा अखेरचा उपाय. ती चालवावी लागणे हे मार्गदर्शकाचे अपयश समजले जाते.

कपडे मातकट रंगाचे असावेत. निळा आणि काळा रंग त्सेत्से माशीला आकर्षित करतो. मलेरियाचा प्रदेश असल्याने वैद्यकीय सल्ला आवश्यक ठरतो. जून ते ऑक्टोबर हा उत्तम काळ. पावसाळ्यात गवत उंच वाढते, वाटा बुडतात आणि बहुतेक दुर्गम छावण्या बंद होतात. लहान मुलांना पायी सफारीत सहसा प्रवेश नसतो.

प्रश्न टिकण्याचा

या खोऱ्याने मोठी हानी सोसली आहे. १९७० आणि १९८०च्या दशकांत हस्तिदंतासाठी हत्तींची प्रचंड कत्तल झाली आणि काळा गेंडा तर पूर्ण नाहीसा झाला. २००३ पासून तो उत्तर लुआंग्वात पुन्हा आणण्यात आला. तारेचे फासे आजही लावले जातात. दुसरी बाजू गावकऱ्यांची आहे. उद्यानाला कुंपण नसल्याने हत्ती शेतात शिरतात आणि एका रात्रीत वर्षाचे धान्य जाते. त्यांना रोखण्यासाठी मिरचीचा वापर केला जातो. ज्याचे पीक गेले त्याच्या घरातील मुलगा स्काउट किंवा मार्गदर्शक झाला, तर हत्तीकडे पाहण्याची दृष्टी बदलू शकते. मात्र २०२० मध्ये महासाथीने पर्यटक थांबले, तेव्हा केवळ पर्यटनावर विसंबण्यातील धोकाही स्पष्ट झाला.

भारतात बहुतेक व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात वाहनातून उतरण्यास मनाई असते. तरीही मध्य प्रदेशातील सातपुडा आणि केरळमधील पेरियार येथे ठरावीक मार्गांवर मार्गदर्शकासह पायी फिरता येते. पेरियारमध्ये तर एके काळी जंगलातून चोरटी साल काढणारेच आज वाट दाखवतात. न्सेफूच्या जमिनीवर १९५० मध्ये मांडलेला विचार येथेही वेगळ्या वाटेने पोहोचला आहे. जंगलाची वाट ज्यांना ठाऊक आहे, त्यांचे पोट जंगल राखण्यावर चालले, तर ते जंगल टिकण्याची आशा असते.