न सापडलेले सत्तावन्न

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाडीतली बरीच शाळकरी पोरं तिथं नव्हतीच. ती आश्रमशाळांत होती. जून लागला की पेटी भरून मूल खाली सोडायचं, गणपती-दिवाळीला परत न्यायचं, हा कर्जत-खालापुरातल्या ठाकर-कातकरी वाड्यांचा जुना शिरस्ता. त्यामागे जंगलाचा इतिहास आहे. १८७८च्या कायद्यानं वनखात्याचा रानावरचा ताबा घट्ट झाला आणि कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या आदिवासींकडे नाचणी-वरीपुरत्या दळी जमिनी तेवढ्या राहिल्या. वाड्या डोंगरउतारावर राहिल्या. रस्ता आणि प्राथमिकच्या पुढची शाळा मात्र वर चढली नाही. मूल खाली उतरलं ते त्यामुळे, आणि त्या रात्री वाचलं तेही त्यामुळेच.

रस्ता नसल्याचा दुसरा परिणाम ढिगाऱ्यावर दिसला. २०१४ साली माळीण गावावर दरड कोसळली तेव्हा तिथं यंत्रं पोचली होती. इर्शाळवाडीत चिखल हातांनी उपसावा लागला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडली नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबला. घरचं माणूस न सापडलेल्या, आश्रमशाळेतल्या किशोरवयीन मुलीचं दुःख या ५७च्या आकड्यात आहे, आणि तिच्यावरचा उपचार तिथूनच सुरू व्हायला हवा. मानसिक आघाताचं आजचं शास्त्र बरंचसं युद्धातून आलं. आघातोत्तर ताणविकाराला १९८० साली अमेरिकेत अधिकृत नाव मिळालं, त्यामागे व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते. त्या उपचारांचा भर पाहिलेल्या, सोसलेल्या प्रसंगावर. या मुलीनं तर काहीच पाहिलं नाही: ना दरड, ना आईचं तोंड शेवटचं. तिच्या जवळचा विचार त्याच युद्धाच्या दुसऱ्या टोकाला सापडतो. अमेरिकी संशोधक पॉलिन बॉस यांनी १९७०च्या दशकात बेपत्ता वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि ‘संदिग्ध वियोगा’ची कल्पना मांडली. माणूस गेलं म्हणावं तर खूण नाही, आहे म्हणावं तर येत नाही. आपल्याकडे हे अगदीच अनोळखी नाही. बेपत्ता माणसाची प्रतिमा करून तिला अग्नी देणारा पालाशविधी याच अडचणीतून निघाला असणार.

यावर कुणी म्हणेल, आधी घर द्या, मनाचं नंतर बघू. दरडीनंतर कंटेनरमध्ये राहिलेल्यांना हे सांगायला नको. पण कायमच्या घरांचं काम सुरू असतानाही मुलगी रात्री झोपत नव्हती, ते कुणाच्या यादीत बसणार? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शोक हा आजार नाही, पोरींना रोगी का ठरवायचं? हे मान्यच आहे. म्हणून तर समुपदेशकानं मुलीला एकटीला खोलीत बसवण्याऐवजी वाडीतल्या उरलेल्या बायकांसोबत बसवावं, गेलेल्यांची नावं मोठ्यानं घेऊ द्यावीत. ठाकरांची गाणी, नाच, बैठक हे सारं समूहाचं; शोक तेवढा एकटीनं का करायचा? मात्र जी महिनोन्‌महिने जेवत नाही किंवा जिवाला अपाय करू पाहते, तिला डॉक्टरच हवा. तिथं भगतावर विसंबणं घातक.

आश्रमशाळेला सुटी लागते तेव्हा मुलींना न्यायला घरचं माणूस येतं, वहीत सही करतं. पेट्या व्हरांड्यात रांगेनं मांडलेल्या असतात. संध्याकाळपर्यंत एखादी पेटी तिथंच राहते.