शेंडा खुडण्याची कुळकथा

गांजाच्या झाडात सगळी किंमत शेंड्याची. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानेही व्याख्या केली ती शेंड्यावरूनच: फुलोऱ्याला किंवा फळाला आलेले शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यासोबत नसलेली पानं आणि बी त्यातून वगळली, म्हणून भांगेला वाट मिळाली. १८९३-९४मध्ये इंग्रज सरकारच्या आयोगाने या पिकाची चौकशी केली, तेव्हा मुंबई इलाख्यात त्याचं मुख्य ठाणं अहमदनगर जिल्हा होतं. शेतकरी नर झाडं उपटून टाकत, म्हणजे मादीच्या फुलोऱ्यात बी धरत नसे. आज कॅनडासारख्या देशात, जिथे हे पीक कायदेशीर आहे, बंद खोलीत दिव्यांखाली वाढवलेल्या रोपाचा मधला शेंडा ते लहान असतानाच कापतात. मग एका उंच तुऱ्याऐवजी सारख्या उंचीचे अनेक तुरे येतात आणि दिव्यांचा उजेड सगळ्यांना मिळतो.

ही युक्ती आपल्याकडे हरभऱ्याच्या रानात जुनीच आहे. पेरून महिना झाला की बायका ओळीने शेंडे खुडत जातात. बोटांना आंब चिकटते, ओटीत भाजी जमते आणि थोड्याच दिवसांत पानांच्या बगलेतून फुटवे निघतात. पऱ्हाटी फार उंच गेली की तिचाही शेंडा मोडतात.

शेंडा गेल्यावर बगलेतले डोळे जागे का होतात, हे शास्त्राला मात्र फार उशिरा कळू लागलं. १८८०मध्ये चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी दाखवलं की गवताच्या कोवळ्या कोंबाला उजेड जाणवतो तो टोकाला, वाकतो मात्र खालचा भाग. म्हणजे वरून खाली काहीतरी निरोप जातो. तो निरोप नेणारं द्रव्य फ्रिट्स वेंटने १९२०च्या दशकात युट्रेक्टमध्ये ओटच्या कोंबांतून अगारच्या तुकड्यात उतरवून घेतलं. तेच ऑक्सिन. मग १९३०च्या दशकात थिमन आणि स्कूग यांनी घेवड्याच्या कुळातल्या बाकल्याचा शेंडा कापून त्या जागी ऑक्सिन लावलं. शेंडा नव्हता, तरी डोळे निजलेलेच राहिले!

पाठ्यपुस्तकं इथेच थांबली, आणि तिथेच त्यांची चूक झाली. वरून येणारं ऑक्सिन डोळ्यात शिरतच नाही, मग त्याला दाबणार कसं? २००८मध्ये स्ट्रिगोलॅक्टोन ही फांद्या रोखणारी संप्रेरकं समोर आली. २०१४मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगात तर दिसलं की शेंडा कापल्यावर ऑक्सिन खाली ओसरण्याआधीच डोळे हलू लागतात. कारण शेंडा खात होता ती साखर त्यांच्याकडे वळते. माझ्या मते हे उत्तर शेतकऱ्याला सगळ्यात लवकर पटेल.

हरभरा खुडायचा असेल तर फुलं लागण्याआधी खुडा. फुलं दिसल्यावर खुडलं, तर घाटेच हातचे जातात.